बॅटरी पॅकचे वेल्ड न तोडता कसे तपासावेत

निकेलची पट्टी सेलवर बसलेली दिसते, बोटाने ओढली तर हलत नाही, मीटर लावला तर कंटिन्युइटीची पीप वाजते. तरीही तो वेल्ड कच्चा असू शकतो. पीप दहा-वीस ओहमच्या आतला कुठलाही संपर्क मिळाला की वाजते. चांगल्या वेल्डचा रेझिस्टन्स त्याच्या लाखभर पटींनी कमी असतो. असा नुसता टेकलेला वेल्ड कारखान्यात पास होतो आणि मालाची टमटम खानापूरच्या पुढे खड्ड्यांत आदळू लागली किंवा चोर्ला घाट चढू लागली की सुटतो. गिऱ्हाईक तक्रार करते ती "रेंज कमी झाली" अशी, आणि दोष सेलवर किंवा बीएमएसवर (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवर) ढकलला जातो.

पुढची पद्धत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दुचाकी-तीनचाकीचे पॅक जोडणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या छोट्या युनिटसाठी आहे. उदाहरणाला एकच पॅक धरू: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायनाचे ३२७०० मापाचे ६ अँपिअर-अवरचे सेल, १६ सिरीज, १५ पॅरलल (पंधरा-पंधरा सेलचे सोळा गट एकापुढे एक), म्हणजे ५१.२ व्होल्ट, ९० अँपिअर-अवर. सेल २४०, आणि दोन्ही टोकांच्या मिळून वेल्डच्या जागा ४८०. पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद.

काम सुरू करण्याआधी अंगठी, घड्याळ, कडे, गळ्यातली साखळी काढा. ५१ व्होल्टचा धक्का सहसा जीवघेणा नसतो, पण अंगठीतून शॉर्ट झाले तर बोट भाजून निघते. पाना, पक्कड, पट्टी कापायची कात्री यांच्या मुठी इन्सुलेटेड हव्यात. पॅकचा जो भाग तपासत नाही तो हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या कडक शीटच्या) तुकड्याने झाकून ठेवा. कोरड्या वाळूची बादली हाताशी असू द्या.

आधी पट्टी खरी आहे का ते पाहा

निकेल म्हणून विकली जाणारी पट्टी पुष्कळदा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची निघते. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण शुद्ध निकेलही चुंबकाला चिकटते. पट्टीवर १०० मिमी अंतरावर दोन खुणा करा. पट्टीच्या दोन टोकांतून १० अँपिअर सोडा आणि खुणांच्या जागी मीटरच्या पिना ठेवून व्होल्टेज वाचा. ०.१५ बाय ८ मिमीच्या शुद्ध निकेलला सुमारे ५८ मिलीव्होल्ट यायला हवेत, म्हणजे १०० मिमीला ५.८ मिलीओहम. पोलादी पट्टी साधारण दीडपट ते दुप्पट दाखवते. संशय राहिला तर तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर तो रोल परत करा. ही तपासणी प्रत्येक नव्या रोलला करायची, कारण पट्टीच चुकीची असेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

डोळ्यांनी काय दिसते

१० पट भिंग घ्या आणि एलईडी दिवा बाजूने, तिरका पाडा. वरून सरळ उजेड पाडला तर निकेलची चमक सगळे झाकून टाकते. प्रत्येक जागी वेल्डच्या टिपक्यांची जोडी असते. चांगला टिपका गोल असतो, त्याचा खोलगटपणा एकसारखा, रंग मंद राखाडी, आणि जोडीतले दोन्ही टिपके सारखे. फिकट, उथळ, नुसता दाब दिल्यासारखा ठसा म्हणजे ऊर्जा कमी पडली. निळे-तपकिरी वलय म्हणजे उष्णता जास्त झाली किंवा इलेक्ट्रोडचे, म्हणजे वेल्डरच्या पट्टीवर टेकणाऱ्या दांडीचे, टोक मळलेले होते. काळ्या कडेचे भोक म्हणजे पट्टी फुटली; तिथे दाब कमी पडला किंवा पट्टी आणि सेल यांच्यात फट राहिली. कडेला बारीक तुसे उडाली असतील तर ती काढल्याशिवाय पॅक पुढे पाठवू नका. पॉझिटिव्ह टोकाजवळच्या इन्सुलेशन रिंगवर पडलेले एक तूस शॉर्टला पुरते. एक टिपका खोल आणि दुसरा उथळ असे जोडीजोडीने दिसू लागले, तर दोन इलेक्ट्रोडची उंची किंवा दाब बिघडलाय असे समजा.

भिंगाने उघड दोष पकडले जातात. पण नुसता चिकटलेला वेल्ड वरून अगदी देखणा दिसू शकतो. त्याला पकडायचे तर रेझिस्टन्सच मोजावा लागतो.

चार तारांची मोजणी

सगळ्या तपासणीचा कणा हाच आहे. दोन तारांनी करंट सोडायचा आणि वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज वाचायचे, म्हणजे तारांचा आणि पिनांच्या टोकांचा रेझिस्टन्स आकड्यात येत नाही. मायक्रोओहम मीटर असेल तर उत्तमच. नसेल तर करंट लिमिट असलेला, १० अँपिअर देणारा बेंच सप्लाय आणि साडेचार अंकी मल्टिमीटर एवढ्यावर काम भागते. ०.२ मिलीओहमच्या वेल्डवर १० अँपिअरला २ मिलीव्होल्ट येतात. साडेतीन अंकी मीटर ०.१ मिलीव्होल्टच्या पायरीने वाचतो. त्याने अगदी वाईट वेल्ड सापडतील, सीमेवरचे निसटतील.

पिनांसाठी हायलम शीटचा ठोकळा करून घ्या. त्यात स्प्रिंगच्या चार पिना ठरलेल्या अंतरावर बसवायच्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात असे जिग (पिना जागेवर धरणारे साचे) करून देणारे हात पावलोपावली आहेत. पिनांच्या अंतराला ०.१ मिमीची मर्यादा सांगा. एवढी काटेकोर कशाला, तर या पट्टीचा स्वतःचा रेझिस्टन्स दर मिलिमीटरला ०.०५८ मिलीओहम आहे. व्होल्टेजची पिन २ मिमी सरकली तर आकडा ०.१२ मिलीओहमने वाढतो, म्हणजे चांगल्या वेल्डच्या निम्म्याहून जास्त. हाताने पिना टेकवून घेतलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

करंटची एक पिन पट्टीवर, दुसरी त्याच टोकाच्या सेलच्या धातूवर. व्होल्टेजची एक पिन पट्टीवर टिपक्याच्या कडेला, दुसरी सेलच्या उघड्या कडेवर किंवा पट्टीत दोन टिपक्यांमध्ये असलेल्या चिरेतून दिसणाऱ्या पृष्ठभागावर. चारही पिना सेलच्या एकाच टोकावर असल्यामुळे सेलचे व्होल्टेज आणि आतला रेझिस्टन्स मोजणीत येत नाही. सेलच्या दोन टोकांना एसी टेस्टर लावून वेल्ड तपासणारे पुष्कळ आहेत. तिथे सेलचेच सात-आठ मिलीओहम असतात, त्यात वेल्डचे ०.२ बुडून जातात.

पिन टिपक्यावर दाबू नका. पिनेच्या दाबाने सुटलेली पट्टी सेलला टेकते आणि कच्चा वेल्ड मोजणीपुरता पक्का होतो. पिना टिपक्यापासून बाजूला, हलक्या स्प्रिंगच्या असू द्या. मग आकडा वाचत असतानाच बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या काडीने पट्टीची मोकळी कड हळूच उचला आणि सोडा. आकडा जागचा हलला तर तो वेल्ड नाकारा, मग आकडा कितीही छान असो. एवढी एक कृती करायला दोन सेकंद लागतात, आणि आमच्या मते तिच्याइतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही.

प्रत्येक आकडा करंटची दिशा उलटी करून दोनदा घ्या आणि दोन्हींची, चिन्ह सोडून, सरासरी काढा. निकेल आणि तांबे यांच्या सांध्यात तापमानाच्या फरकाने स्वतःचे व्होल्टेज तयार होते, दर अंशाला सुमारे २० मायक्रोव्होल्ट. वेल्ड नुकताच केलेला असेल, पट्टी कोमट असेल, तर हे व्होल्टेज आकड्यात मिसळते. दिशा उलटली की ते आपोआप वजा होते. म्हणून वेल्ड झाल्यावर पॅक निदान अर्धा तास थंड होऊ द्या. तापमानही लिहून ठेवा. निकेलचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.६ टक्के वाढतो. मार्चमध्ये सकाळी १८ अंशांना घेतलेला आकडा दुपारी ३४ अंशांना जवळजवळ १० टक्के जास्त दिसेल. वेल्ड तोच, फक्त पत्र्याची शेड तापलेली.

जोडून झालेल्या पॅकमध्ये एक मोठा चकवा आहे. एखादा वेल्ड पूर्ण सुटलेला असला तरी मीटर "ओपन" दाखवत नाही. करंट त्या सेलच्या आतून दुसऱ्या टोकाला जातो, तिथल्या पट्टीवरून बाकीच्या चौदा सेलमध्ये विभागतो आणि परत येतो. सेलचे ८ मिलीओहम धरले तर हा मार्ग ८ अधिक ८ भागिले १४, म्हणजे सुमारे ८.६ मिलीओहमचा. तेव्हा ८-९ असा आकडा दिसला की "जरा जास्त आहे" असे म्हणून पुढे जाऊ नका. तो वेल्ड तिथे नाहीच.

मीटर रोज सकाळी तपासायचा. १०० अँपिअर, ७५ मिलीव्होल्टचा शंट (करंट मोजायचा ठरलेला रेझिस्टन्स) कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळतो. तो बरोबर ०.७५ मिलीओहमचा असतो. १० अँपिअरला ७.५ मिलीव्होल्ट यायला हवेत. फरक दोन टक्क्यांहून जास्त असेल तर आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग तारा बघा.

एका वेल्डला पाच सेकंद धरले तर ४८० वेल्डना चाळीस मिनिटे. जास्त वाटतील, पण परत आलेला पॅक उघडून, सील फोडून, पुन्हा जोडायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

कुठला आकडा नाकारायचा

बाहेरून आणलेली मर्यादा लावू नका. पट्टी, सेल, जिग, पिनांची जागा बदलली की आकडा बदलतो. त्याच पॅकमधल्या, त्याच बाजूच्या सगळ्या आकड्यांचा मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वेगळे ठेवा, कारण टोपी आणि तळ यांचा पत्रा वेगळा असतो. मध्यकाच्या दीडपटीवर गेलेला वेल्ड भिंगाखाली पुन्हा बघा आणि काडी लावून पुन्हा मोजा. दुपटीवर गेलेला सरळ नाकारा. सरासरी नको, मध्यकच घ्या. दोन-तीन सुटलेले वेल्ड सरासरी फुगवतात आणि मग सीमेवरचे दोषी त्या फुगवट्यात लपतात.

दीडपट आणि दुप्पट हे सुरुवातीचे आकडे आहेत. ते तुमच्या कामाला बसतात का, हे ठरवायला काही वेल्ड तोडावेच लागतात. दर शिफ्टच्या सुरुवातीला आणि इलेक्ट्रोड बदलल्यावर त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या बाद सेलवर दहा वेल्ड करा. आधी त्यांचा रेझिस्टन्स मोजा, मग पट्टी पक्कडीने काटकोनात सोलून काढा. पट्टी फाटून तिचा गोल तुकडा सेलवरच राहिला तर वेल्ड पक्का. पट्टी साफ निघून आली आणि खाली नुसता डाग राहिला तर कच्चा. काही वेल्ड मुद्दाम ऊर्जा कमी करून कच्चे करा. दोन्ही प्रकारचे आकडे कागदावर शेजारी-शेजारी मांडले की रेघ कुठे ओढायची ते दिसते. हे न करता केलेली न तोडता तपासणी म्हणजे अंदाजच.

थर्मल कॅमेरा: गरम नव्हे, थंड शोधा

कॅमेरा हातात आला की जो तो लाल डाग शोधू लागतो. पॅरलल गटात हा शोध उलटा करावा लागतो. एका सेलचा वेल्ड कच्चा असेल तर त्या सेलमधून करंट कमी जातो आणि शेजारचे सेल जास्त ओढतात. पूर्ण सुटलेला सेल थंडच राहतो. आपल्या पॅकवर ४५ अँपिअरचा लोड म्हणजे एका सेलवर ३ अँपिअर. ०.२ मिलीओहमच्या वेल्डमध्ये तेव्हा २ मिलीवॉटही उष्णता होत नाही; ती कॅमेऱ्याला दिसणारच नाही. पण लोड वीस मिनिटे ठेवला तर पंधरा तापलेल्या सेलांत एक थंड सेल ओळखू येतो. बीएमएसला मात्र तो दिसत नाही: पंधराऐवजी चौदा सेल उरल्याने गटाचे व्होल्टेज ४५ अँपिअरला अवघे १.७ मिलीव्होल्ट जास्त पडते, आणि तेवढा फरक बीएमएसच्या चुकीच्या मर्यादेतच जिरतो.

चकचकीत निकेलवर कॅमेरा रोखला तर तो तुमच्याच चेहऱ्याचे नि छतावरच्या पत्र्याचे तापमान वाचतो. जिथे वाचायचे तिथे कॅप्टन टेप लावा आणि कॅमेऱ्यातली एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) ०.९ च्या आसपास ठेवा. पंखा बंद, दार बंद.

मोठ्या प्रिझमॅटिक (चौकोनी डब्याच्या) सेलच्या पॅकमध्ये चित्र सरळ असते. तिथे सगळा करंट एकाच बसबारमधून (सेल जोडणाऱ्या जाड धातूच्या पट्टीतून) जातो, म्हणून वाईट वेल्ड गरमच होतो. १०० अँपिअरला ०.०५ मिलीओहमवर अर्धा वॉट, ०.५ मिलीओहमवर ५ वॉट. दहा मिनिटांत कॅमेऱ्यात स्पष्ट दिसते.

अल्ट्रासॉनिक आणि एक्स-रे

पोलादाच्या वेल्डला वापरतो तो अल्ट्रासॉनिक प्रोब निकेलच्या पट्टीवर लावून उपयोग नाही. १५ मेगाहर्ट्झला निकेलमध्ये ध्वनिलहरीची लांबी सुमारे ०.३८ मिमी, आणि आपली पट्टी ०.१५ मिमीची. वरचा नि खालचा प्रतिध्वनी वेगळा होत नाही. दोन मिमीच्या ॲल्युमिनियम बसबारच्या लेझर वेल्डला मात्र डिले लाइनचा (पुढे ठोकळा लावून प्रतिध्वनी उशिरा आणणारा) प्रोब चालतो: जोड एकजीव असेल तर ध्वनी खाली उतरतो, नसेल तर २ मिमीवरूनच परत येतो.

ॲल्युमिनियमच्या लेझर वेल्डमधली छिद्रे बघायची तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. छोट्या युनिटने यंत्र घेण्यापेक्षा नमुने लॅबला पाठवावेत. औद्योगिक एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि प्रशिक्षित माणूसही. नवे सेटिंग बसवताना आणि बसबारचा पुरवठादार बदलताना नमुने पाठवले तर पुरते.

इथे नेमके काय बिघडते

पहिले, व्होल्टेज. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या स्पॉट वेल्डरची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३० चे २१० झाले तर ऊर्जा १७ टक्क्यांनी घटते. शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर किंवा भट्टी सुरू झाली, संध्याकाळी गावाकडच्या फीडरवर पंप लागले, की त्या वेळचे वेल्ड कच्चे निघतात. म्हणून प्रत्येक गटासमोर वेळ लिहा. नाकारलेले वेल्ड ठराविक तासांत गोळा झालेले दिसले तर दोष ऑपरेटरचा नाही, लाइनचा आहे. स्टॅबिलायझर बसवा, किंवा ठरलेल्या व्होल्टेजला चार्ज होऊनच सुटणारा कपॅसिटर डिस्चार्ज वेल्डर घ्या.

दुसरे, इलेक्ट्रोड. टोक दीड मिमीवरून पसरून अडीच झाले तर क्षेत्रफळ पावणेतीन पट होते आणि तोच करंट विखुरतो. दर दोनशे टिपक्यांनंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने टोक सरळ करा. मोजलेल्या आकड्यांचा मध्यक शिफ्टभर हळूहळू वर सरकत असेल तर कारण बहुधा हेच.

तिसरे, तेल. इथले बसबार पुष्कळदा मशीन शॉपमध्येच कापले जातात आणि त्यांवर कूलंटचा पातळ थर राहतो. लेझरच्या उष्णतेने त्यातला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळतो आणि धातू गोठताना छिद्रे करून बसतो. बसबार आणि सेलची टोके अल्कोहोलने पुसा, फडके दर वेळी नवे घ्या, आणि पुसल्यावर उघड्या हाताने धरू नका. जून ते सप्टेंबर पट्टीचे रोल नि बसबार सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद पिशवीत ठेवा. खानापूर-जांबोटीच्या पावसात उघडा ठेवलेला माल ओलाच धरायचा.

चौथे, बिनचिरेची पट्टी. दोन टिपक्यांमध्ये चीर नसेल तर बराच करंट सेलमध्ये न उतरता पट्टीतूनच आडवा जातो. चीर असलेली पट्टी थोडी महाग पडते, पण तीच घ्या.

नाकारलेल्या वेल्डचे पुढे काय

त्याच टिपक्यावर पुन्हा वेल्ड मारू नका. पत्रा तिथे आधीच पातळ झालेला असतो. शेजारच्या कोऱ्या जागेवर एकदाच मारा, थंड होऊ द्या, पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही नाकारला गेला तर सेल बदला. वेल्डजवळ गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास आला किंवा ओल दिसली तर इलेक्ट्रोलाइट गळतोय: तो सेल लगेच बाहेर काढा, वाळूत ठेवा, शेडच्या बाहेर न्या.

दुचाकी-तीनचाकीच्या बॅटरीला एआयएस १५६ हे सुरक्षिततेचे भारतीय वाहन मानक लागू आहे. त्याची सुधारित कलमे १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आली. त्या चाचण्या नमुना पॅकवर होतात. तुमच्या हातून निघणाऱ्या प्रत्येक पॅकचा प्रत्येक वेल्ड बघणे हे तुमचेच काम राहते.

नोंद साधी ठेवा: पॅक नंबर, गट, सेल, बाजू, आकडा, तापमान, वेळ, ऑपरेटर. दोषांचा तक्ता फोटो आणि रंग देऊन भिंतीवर लावा, खाली मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणजे लाइनवरच्या कोणालाही दुसऱ्याला विचारावे लागत नाही. पॅक बंद करण्याआधी त्याच्या आकड्यांची एक प्रत फाइलला लावा. तो पॅक सर्व्हिसला परत आला की त्याच जिगने, त्याच करंटने पुन्हा मोजा आणि तापमानाचा फरक वजा करा. कारखान्यातून निघताना ०.२ असलेला वेल्ड ०.३ च्या पुढे गेला असेल तर तो सुटायला लागलाय, आणि त्या गटातल्या सगळ्या पट्ट्या तेव्हाच बदलायच्या.